शेवंडीचं माप घ्यायचं कुठून?

तुम्ही कधी जिवंत शेवंड पट्टीला लावून मोजली आहे का? शेपटी आत वळते. ओढली की सरळ होते, सोडली की पुन्हा वळते. एकाच शेवंडीची दोन मापं! ऐकायला गंमत वाटते, पण किमान आकाराचा कायदा राबवायचा असेल तर हीच खरी अडचण.

अमेरिकेतल्या मेन राज्याचं उदाहरण घेऊ. तिथले डबाबंद कारखाने लहान शेवंडीही खपवायचे. १८७४ साली साडेदहा इंचांची मर्यादा आली, आधी वर्षातल्या काही महिन्यांपुरती आणि १८९५ पासून बारमाही. पण हे माप होतं शेपटीसकट पूर्ण लांबीचं.

१९०७ मध्ये मोजायची जागाच बदलली. शेपटी वगळली, फक्त पाठीचं कवच मोजायचं ठरलं: पावणेपाच इंच. कवच टणक, ओढून लांब होत नाही. ते वाढतं फक्त कात टाकताना. पुढे कवचाच्या टोकाचा काटाही वगळला, कारण तो मोडू शकतो. आता माप डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत घेतात.

१९३३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं: किमान मर्यादेच्या जोडीला कमाल मर्यादा. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते, म्हणून मोठ्या शेवंडींनाही वाचवा, असं प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक आधीपासून मांडत होते. आज मेनमध्ये सव्वातीन ते पाच इंच कवचाचीच शेवंड ठेवता येते. होडीवरच धातूची मापपट्टी लावायची. मापात बसली नाही तर जिवंत समुद्रात परत.

आता आपल्याकडे बघा. भारताने २००३ मध्ये निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं. मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या पॅन्युलिरस पॉलिफॅगस या जातीला ३०० ग्रॅम. नियम चांगलाच आहे, पण तो लागतो निर्यातीच्या काट्यावर. तोवर शेवंड समुद्रापासून फार लांब आलेली असते. शिवाय देशातच विकल्या जाणाऱ्या शेवंडीला ही अट लागतच नाही.

म्हणून मला वाटतं, मर्यादा किती इंचांची, एवढंच विचारून भागत नाही. ते माप कोण, कुठे आणि कधी घेतं? जाळ्यातून काढणाऱ्या हातातच मापपट्टी असेल, तरच लहान शेवंडीला परत जाता येतं.