कळंबोलीची खारशेती

लोखंड-पोलादाच्या बाजारामुळे ओळखले जाणारे कळंबोली सिडको हे नगरविकास महामंडळ येण्यापूर्वी भाताचे गाव होते. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी कुटुंबांची कणगी मुख्यतः खारजमिनीवर भरे. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग भात घ्यायचा, ही इथली रीत. बांधात उघाडी असे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिचे झडप उघडून पावसाचे पाणी खाडीत जाई. भरतीला बाहेरच्या रेट्याने ते आपोआप मिटे. खारीत लावणीऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकत, त्याला रहू म्हणत. काळा राता, भुरा राता हे खार सोसणारे वाण.

भाताबरोबर पेंढा मिळे, तो गुरांना लागे. गोड्या जमिनीत भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल होई. खाडीतून निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी येई, तळ्यात जिताडा वाढे आणि पावसाळ्यासाठी सुकी मासळी साठवली जाई. कापड, रॉकेल यांसाठी मात्र बाजार गाठावाच लागे. शिवाय अन्नापुरती ही स्वयंपूर्णता एकट्या घराची कधीच नव्हती. बांधाला खांड पडली की सगळ्यांच्याच शेतात खारे पाणी शिरे, म्हणून ती बुजवायला सारा गाव उतरे.

पिकले तरी ते घरात राहीलच असे नव्हते. कुळाच्या धान्यातला मोठा वाटा खोत, म्हणजे महसूल गोळा करणारा जमीनदार, नेई. शेजारच्या अलिबाग तालुक्यात याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप झाला. 1933 ते 1939 अशी सहा वर्षे कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या. 1949 च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कूळ जमिनीचा मालक होण्याचा दिवस कायद्याने ठरला. स्वतःच्या जमिनीचा भात पूर्णपणे स्वतःच्या कणगीत, ही स्थिती अनेक कुळांच्या वाट्याला तेव्हा प्रथमच आली.

ती स्थिती फार काळ टिकली नाही. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा हक्क शेतकऱ्यांनी मोठी किंमत देऊन मिळवला, पण त्यातून शेत परत मिळाले नाही. खारीच्या भातावरचे काम मात्र पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात चालू राहिले; पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 हे वाण तिथलेच.