४४ क्रमांकाची स्क्वाड्रन : चुशूलपासून मालदीवपर्यंत

लढाऊ विमानांचे पराक्रम लोकांच्या स्मरणात राहतात. जवान, दारूगोळा आणि शिधा वाहून नेणाऱ्या विमानांची आठवण सहसा संकटाच्या दिवशीच होते. भारतीय हवाई दलाच्या ४४ क्रमांकाच्या वाहतूक स्क्वाड्रनचा इतिहास हा अशाच दिवसांचा इतिहास आहे.

स्थापना : ६ एप्रिल १९६१ रोजी चंदीगड येथे ही स्क्वाड्रन उभी राहिली. तिला सोव्हिएत बनावटीची अँतोनोव्ह-१२ विमाने मिळाली. चार इंजिनांचे हे विमान सुमारे २० टन भार वाहू शकत असे आणि त्याच्या मागील बाजूच्या रुंद दारातून वाहने आत चढवता येत. लडाखमधील दूरच्या चौक्यांपर्यंत पक्के रस्ते नव्हते. त्यामुळे तेथील सैन्याची भिस्त हवाई मार्गावरच होती.

१९६२ : २० ऑक्टोबरला चिनी आक्रमण सुरू झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, या स्क्वाड्रनने २० लान्सर्स या रेजिमेंटचे एएमएक्स-१३ जातीचे सहा हलके रणगाडे चुशूलला उतरवण्यास आरंभ केला. चुशूलची उंची ४,३०० मीटरच्या आसपास. तेथील विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांची शक्ती घटते आणि विमान थांबायला धावपट्टी अधिक लागते. अशा ठिकाणी रणगाडा घेऊन उतरणे हे मोठेच साहस होते. पुढे नोव्हेंबरमधील चुशूलच्या लढाईत हे रणगाडे उपयोगी पडले.

१९७१ : या युद्धात स्क्वाड्रनवर निराळेच काम सोपवण्यात आले. मालवाहू विमानांच्या मागील दारातून बॉम्ब टाकण्याची व्यवस्था करून त्यांचा रात्रीच्या हल्ल्यांसाठी वापर झाला. लाहोरच्या दक्षिणेकडील छांगा मांगा जंगलातील दारूगोळ्याचे साठे हे त्यांतील प्रमुख लक्ष्य होते. स्क्वाड्रनप्रमुख विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांना या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले.

१९८८ : १९८५ साली आयएल-७६ ही जेट विमाने दाखल झाली. हवाई दलाने त्यांना ‘गजराज’ हे नाव दिले. सुमारे ४५ टन भार किंवा सव्वादोनशे सशस्त्र जवान नेण्याची त्यांची क्षमता आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सशस्त्र टोळीने उठाव केला आणि राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच संध्याकाळी आग्र्याहून छत्रीधारी सैनिकांना घेऊन या स्क्वाड्रनची विमाने निघाली. आघाडीच्या विमानाचे सारथ्य ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्याकडे होते. दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर न थांबता कापून ती रात्री हुलुले बेटावरील विमानतळावर उतरली. चोहोबाजूंनी समुद्र असलेली ती धावपट्टी शत्रूच्या हाती पडली असती, तर मोहीमच फसली असती. गयूम सुखरूप राहिले आणि जहाजातून ओलिसांसह पळालेल्या बंडखोरांना नौदलाने गाठले.

आज अवजड हवाई वाहतुकीचा मोठा भार २०१३ पासून दाखल झालेल्या सी-१७ विमानांवर आहे. तरीही या साऱ्या मोहिमांमागचे सूत्र कायम आहे : सैन्य कितीही सज्ज असले, तरी ते वेळेवर पोहोचले नाही तर त्या सज्जतेला अर्थ उरत नाही.