टी-55, टाइप 59 आणि नळीवरचं खोटं नळकांडं

माझा भाचा अकरावीत आहे. सुट्टीत नगरला आला की कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा खेळ खेळत बसतो. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर त्यानं 1971 चं युद्ध खेळायचं ठरवलं. एका बाजूला भारताचे रशियन रणगाडे, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानचे चिनी. संध्याकाळी सहज विचारलं, काय झालं? म्हणाला, "मामू, मेरेकू हमेशा पाकिस्तानच देते." हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो. पण 'हमेशा' हा शब्द कानात राहिला.

मग मी त्याच्या शेजारी बसून तो खेळ नीट पाहिला. नगर हे रणगाड्यांचं गाव आहे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या बोलण्यात नगरच. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथंच, आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. शाळेच्या सहलीत पॅटनच्या चिलखतावर हात ठेवला नाही असा नगरचा पोरगा विरळाच. त्यामुळे खेळातले रणगाडे खरे आहेत का, हे तपासायची मला हौस होतीच.

लोखंडाच्या बाबतीत हे खेळ बरेच प्रामाणिक आहेत. सोव्हिएत टी-54 पाहा. उलट्या वाडग्यासारखा गोल बुरूज, 100 मिलिमीटरची तोफ, बाजूला पाच मोठी चाकं आणि पहिल्या-दुसऱ्या चाकांत थोडी जास्त फट. सगळं बरोबर दाखवतात. टी-55 ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. तिच्या बुरुजावरची हवा खेळवणारी छोटी टोपी गेली, इंजिन 520 वरून 580 अश्वशक्तीचं झालं, तोफगोळे 34 च्या जागी 43 मावू लागले. हे बारकावेही सापडतात.

गडबड होते ती आकड्यांच्या हिशोबात. 'वर्ल्ड ऑफ टँक्स' या गाजलेल्या खेळात टी-54 नवव्या पायरीवर आहे आणि चिनी टाइप 59 आठव्या. म्हणजे चिनी रणगाडा एक पायरी कमी. प्रत्यक्षात टाइप 59 म्हणजे टी-54 ची एक आवृत्ती, टी-54ए. सोव्हिएत परवान्यानं चीननं ती आपल्या कारखान्यात बनवली. खेळात पायऱ्या लागतात म्हणून त्या पाडल्या, एवढंच. शिवाय खेळात प्रत्येक रणगाड्याला 'जीव' मोजून दिलेला असतो. एक गोळा लागला की थोडा जीव कमी, दुसरा लागला की आणखी थोडा. खऱ्या टी-54 मध्ये चालकाच्या उजव्या हाताला, रणगाड्याच्या पुढच्या भागातच इंधन आणि गोळे ठेवलेले असतात. तिथं एक गोळा आत घुसला की बहुतेक वेळा हिशोब तिथंच संपतो. आत चार माणसं, बसायला कोंदट जागा, आणि तोफ पाच अंशांपेक्षा खाली झुकत नाही. त्यामुळे टेकाडाआडून मारा करायचा तर अर्धा रणगाडा उघड्यावर आणावा लागतो.

हे सगळं भाच्याला सांगत होतो तेव्हा त्याला फार रस वाटत नव्हता. तो म्हणाला, दोन्ही रणगाडे सारखेच असतील तर लढाईत ओळखायचे कसे?

प्रश्न अगदी बरोबर होता. 1971 मध्ये भारतीय लष्करालाही तोच पडला होता.

दोन्ही बाजूंना सारखे रणगाडे आले कसे, ते थोडक्यात सांगतो. 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन होते, आपल्याकडे ब्रिटिश सेंचुरियन आणि जुने अमेरिकी शर्मन. युद्ध सुरू होताच अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं थांबवली. पाकिस्तान चीनकडे वळला आणि टाइप 59 घेऊ लागला. आपण सोव्हिएत गोटाकडून टी-54 आणि टी-55 घेतले. सहा वर्षांनी दोन्ही सैन्यं पुन्हा समोरासमोर आली तेव्हा दोघांच्या हातात एकाच घराण्याचं लोखंड होतं. 'बॉर्डर' सिनेमामुळे लोंगेवाला सगळ्यांना माहीत आहे. तिथं वाळूत रुतलेले पाकिस्तानी रणगाडे टाइप 59 च होते. छांबमध्ये मुनव्वर तवीच्या काठी तर जुळे भाऊच भिडले. आपल्याकडून 9 हॉर्स म्हणजे डेक्कन हॉर्स आणि 72 आर्मर्ड रेजिमेंट, हाती टी-54 आणि टी-55. समोर टाइप 59. डेक्कन हॉर्स मूळचं निजामाच्या चाकरीतलं, 1790 चं घोडदळ. म्हणजे आपल्या दख्खनचंच. ती लढाई अवघड गेली आणि छांब आपल्या हातून गेलं, हेही सांगायला हवं.

धुळीत, धुक्यात, हजार मीटरवरून फक्त गोल बुरूज आणि लांब नळी दिसते. आपला की त्यांचा, हे ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात. चूक झाली तर आपलाच माणूस मरतो. त्यावर भारतीय लष्करानं साधा उपाय काढला. या तोफांच्या टोकाला एक जाडसर नळकांडं असतं. गोळा सुटल्यावर नळीतला धूर बुरुजात परत येऊ नये म्हणून ते लावतात. टी-55 ला ते टोकाला, टाइप 59 लाही टोकालाच. आपण आपल्या रणगाड्यांच्या नळीवर मधोमध आणखी एक नळकांडं चढवलं. ते खोटं होतं. त्यातून धूरबीर काही जात नव्हता. त्याचं काम एकच होतं, हा आपला आहे हे लांबून कळणं.

मी भाच्याला म्हटलं, तुमच्या खेळात 1971 चा भारतीय टी-55 दाखवायचा असेल आणि नळीच्या मध्यावर हे डबडं नसेल, तर तो चुकीचा आहे. चिलखताची जाडी मिलिमीटरपर्यंत बरोबर असली तरी. त्यानं खेळात शोधलं. भारताचा झेंडा रणगाड्यावर चिकटवता येत होता, नळकांडं कुठंच नव्हतं.

नळीवर खूण करायची ही रीत नगरला नवी नाही. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये आपल्या नगरात ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला कारागीर. मालक बुऱ्हाण निजामशाह, ज्याच्या घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबात सांगितलं जातं. तोफेवर दोघांची नावं कोरलेली आहेत. पुढं ती आदिलशाहीकडे गेली. 1686 मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तोफ तीच, ओतीव काम तेच, मालकानुसार खूण बदलली. आणि या सगळ्या लढायांत, ज्यांना आज आपण एका बाजूला एक धर्म आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं वाटून टाकतो, तिथं तोफेच्या दोन्ही टोकांना मुसलमान होते.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. 1965 मध्ये सियालकोटच्या बाजूला 18 कॅव्हलरीचा एक नायब रिसालदार शर्मन रणगाड्यातून लढत होता. राजस्थानातल्या झुंझुनूचा कायमखानी मुसलमान. त्यानं पाकिस्तानी पॅटन फोडले आणि वीर चक्र मिळवलं. पुढं तो झुंझुनूचा खासदार झाला आणि केंद्रात राज्यमंत्रीही. त्याचं नाव अयूब खान. त्या वेळी पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्षही अयूब खानच होता. त्याच महिन्यात खेमकरणजवळ 4 ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपत शहीद झाला आणि परमवीर चक्राचा मानकरी ठरला. अब्दुल हमीदचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून सगळ्यांना माहीत आहे. अयूब खानचं नाव भाच्यानं पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही ते फार उशिरा कळलं.

रणगाड्याच्या नळीवर खोटं नळकांडं चढवावं लागलं, कारण लोखंड बोलत नाही. माणूस बोलतो. त्याचं काम दिसतं, त्याची नोंद राहते. तरीही नावावरून बाजू ठरवायची सवय जात नाही. भाच्याचे मित्र वाईट नाहीत. त्यातले दोघं ईदला घरी येऊन शीरखुर्मा खाऊन जातात. त्यांनी मुद्दाम काही केलं असंही नाही. वाटणी करताना ते आपोआप झालं. हे आपोआप होणंच मला खुपलं. उपदेश करून ते सुटेल असं वाटत नाही. माहिती असेल तर कदाचित थोडं सुटेल.

परवा त्याचा फोन आला. मित्रांना नळकांड्याची गोष्ट सांगितली, ती फार आवडली म्हणाला. एकानं तर कागदावर टी-55 काढून नळीच्या मधोमध डबडं रंगवलं. आता बाजू निवडताना चिठ्ठ्या टाकतात. पहिल्या चिठ्ठीत त्याला पुन्हा पाकिस्तानच आलं. "पर इस बार चिठ्ठीने दिया, मामू," असं म्हणून तो खदखदून हसला.