धान्याची धारण आणि बैलांची किंमत : दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातील जनावरांच्या बाजाराचा इतिहास

सोलापूर, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि बीड हे जिल्हे, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, साताऱ्यातील माण व खटाव आणि सांगलीतील आटपाडी व जत हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो, आणि तेथील कोरडवाहू शेतीचा मुख्य आधार पिढ्यानपिढ्या रब्बी ज्वारी हाच राहिला आहे. धान्याचे भाव आणि जनावरांच्या किमती यांचे नाते या प्रदेशात जितके उघड दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. ज्या वर्षी ज्वारी कडाडली त्या वर्षी बैल, गाई व वासरे बहुधा मातीमोल भावाने विकली गेली, आणि पुढच्या वर्षी पाऊस होऊन ज्वारी उतरली तेव्हा तीच जनावरे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. तथापि प्रत्येक महागाईचा परिणाम असाच झाला असे नाही. धान्य कशामुळे महागले, मागणी वाढल्यामुळे की पीक बुडाल्यामुळे, यावर जनावरांच्या बाजाराची दिशा ठरत आली आहे. आणि हा भेद राज्यकर्त्यांच्या लक्षात उशिरा आल्याची किंमत शेतकऱ्याने आपल्या गोठ्यातून चुकवली आहे.

या नात्याचे मूळ ज्वारीच्या ताटात आहे. कणीस माणसाच्या वाट्याला येते आणि वाळलेले ताट, म्हणजे कडबा, जनावरांच्या वाट्याला येते. एकाच रोपावर घर आणि गोठा दोन्ही जगतात. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण शेतकऱ्यांनी अनेक दशके सोडले नाही, त्याचे कारण भाकरीच्या चवीइतकेच त्याच्या उंच व सकस कडब्यातही होते. साहजिकच हस्ताचा पाऊस चुकून रब्बीची पेरणी हुकली, की धान्याची आणि वैरणीची टंचाई एकाच वेळी उभी राहते. पूर्वी धान्याचा दर ‘धारण’ म्हणून सांगितला जाई; धारण म्हणजे एका रुपयास मिळणाऱ्या धान्याचे माप. सोळा शेरांची धारण आठ शेरांवर आली, तर भाव दुप्पट झाला असा त्याचा अर्थ होई. अशा वर्षी शेतकऱ्याला धान्य विकत घेण्यासाठी रोख पैसा हवा असे, आणि विकून रोकड करता येण्याजोगी त्याची सर्वांत मोठी मालमत्ता दावणीला बांधलेली असे. ती मालमत्ता रोज चारा मागत असल्याने भाव सुधारेपर्यंत राखून ठेवण्याचीही सोय नसे. सगळे गाव एकाच आठवड्यात विकायला निघालेले आणि घेणारा कोणी नाही, अशी बाजाराची अवस्था त्यातून होत असे.

या बाजाराची नेहमीची घडी समजून घेतल्याशिवाय तो मोडतो कसा हे कळत नाही. माणदेश आणि आटपाडीचा परिसर हा खिलार जातीच्या जनावरांचा मूळ प्रदेश होय. धनगर समाजातील थिल्लारी मंडळी गाईंचे कळप राखीत, आणि त्यांच्या कळपांतील खोंड, म्हणजे कोवळ्या वयाचे नर, पंढरपूरची कार्तिकी, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा आणि सांगोल्यासारखे आठवडी बाजार यांतून विकले जात. दात पाहून वय ठरे: दुधाचे दात न पडलेला तो अदत, त्यानंतर दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला. सौदा हेडी किंवा दलाल यांच्या मध्यस्थीने, बहुधा रुमालाखाली हाताची बोटे दाबून होई, आणि त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बोली कळत नसे. खोंड घेणारा शेतकरी पुष्कळदा नदीकाठच्या सुपीक गावांतला असे. तो त्याला खाऊ घालून वाढवी, औताला लावून शिकवी आणि दोन-तीन वर्षांनी तयार बैल म्हणून वापरी किंवा नफ्याने विकी. थोडक्यात, कमी पावसाचा माणदेश वासरे जन्माला घाली आणि नदीखोऱ्यातील वैरण त्यांचे बैल करी. नदीकाठच्या शेतकऱ्याजवळ पैसा व कडबा दोन्ही असले तर वासरांना भाव येई. त्याचाच गोठा रिकामा होऊ लागला तर माणदेशातील खोंडाला विचारणारे कोणी राहत नसे.

मागणीतून आलेली महागाई या बाजाराला कशी उभारी देते याचे चांगले उदाहरण १८६० च्या दशकात सापडते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव भडकले. खानदेश, वऱ्हाड आणि दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, त्याच काळात लोहमार्गांची मोठी कामे चालू होती, आणि मजुरीबरोबर धान्याचेही भाव चढले. परंतु शेतात वैरण होती आणि कापूस बंदराकडे किंवा रेल्वेस्थानकाकडे नेण्यासाठी गाड्या व गाड्यांसाठी बैल हवे होते. त्यामुळे धान्य महाग असूनही बैलांच्या किमती वाढल्या. युद्ध संपल्यावर कापूस कोसळला, चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे अंगावर राहिली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने पावसाने दगा दिला.

१८७६–७८ च्या दुष्काळात महागाईचे दुसरे रूप पूर्ण उघडे झाले. खरीप बुडाला, परतीच्या पावसाअभावी रब्बी पेरताच आली नाही आणि ज्वारी-बाजरीची धारण झपाट्याने खाली आली. सरकारने खडी फोडणे, तलाव व रस्ते अशी मदतकामे काढली. पण दुष्काळासाठी नेमलेले भारत सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार मजुरी इतकी खाली आणण्यात आली, की १८७७ च्या प्रारंभी दख्खनमधील अनेक मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्या मजुरीत एका माणसाचे पोट भरणे कठीण होते, तीत बैलजोडीच्या वैरणीला जागा नव्हती. घाटमाथ्याकडे किंवा दूरच्या रानात जनावरे नेणे हा जुना उपाय होता, पण वाटेतच अनेक जनावरे दगावत. ज्यांनी लवकर विकले त्यांना थोडे पैसे मिळाले. थांबलेल्यांच्या हाती पुष्कळदा केवळ कातडे राहिले. दुष्काळी वर्षांत कातड्यांची निर्यात वाढत असे ही गोष्ट या हानीची साक्ष देते.

येथे रेल्वेने केलेला बदल नीट पाहिला पाहिजे. रेल्वेमुळे एका प्रांताचे धान्य दुसऱ्या प्रांतात जाऊ लागले, आणि त्यामुळे निरनिराळ्या बाजारपेठांतील भाव एकमेकांच्या जवळ आले. वैरणीचे तसे झाले नाही. कडबा वजनाच्या मानाने फार जागा व्यापतो आणि त्याची वाहतूक त्याच्या किमतीला परवडत नाही. म्हणून वैरणीचा बाजार दहा-वीस कोसांतच राहिला. धान्याची तूट बाहेरून काही अंशी भरून निघू शकली, वैरणीची तूट गावातच राहिली, आणि तिचा सारा भार जनावरांवर पडला. १८९९–१९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात, मुंबई इलाख्याने जंगलातील गवत कापून, यंत्राने दाबून त्याचे गठ्ठे रेल्वेने पाठवण्याचा प्रयत्न केला, तरी गुजरातेतील गोधनाचा प्रचंड संहार टळला नाही.

गवताचा प्रश्न नुसत्या पावसाचाही नव्हता. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द वाढत गेली आणि गावांच्या चराईवर बंधने आली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चरण्याची जागा हिरावल्याची आणि त्यामुळे शेतीला लागणारे बैल खालावल्याची तक्रार पोटतिडकीने मांडली. फुल्यांच्या या प्रतिपादनाचे महत्त्व असे, की जनावरांची दुर्दशा त्यांनी दैवाच्या माथी न मारता धोरणाशी जोडली.

दुष्काळाचा खरा हिशेब मात्र पाऊस पडल्यानंतर सुरू होई. मृगाच्या सरी आल्या, की ज्याने हिवाळ्यात बैल विकले तोच शेतकरी पेरणीसाठी बैल शोधत बाजारात येई, आणि त्याच्यासारखे हजारो शेतकरी त्याच आठवड्यांत आलेले असत. ज्यांच्याकडे एकच बैल उरला असे ते दोघे मिळून जोडी जमवीत आणि आळीपाळीने एकमेकांचे शेत पेरीत. या परस्पर सहकार्याला सावड म्हणतात. खोल काळ्या जमिनीत जड नांगराला तीन-चार जोड्या लागत असल्याने तेथे ही अडचण अधिकच तीव्र होई. त्यातही सर्वांत दूरगामी हानी वासरांची असे. गाईला वैरण नसल्यावर दूध आटते, वासरू उपाशी राहते आणि गाय पुढे वर्षभर गाभण राहत नाही; म्हणजे वासरांची एक संपूर्ण पिढी गळते. नर वासराला औताचा बैल व्हायला तीन-चार वर्षे लागत असल्याने एका दुष्काळाची उणीव बाजारात तितकी वर्षे जाणवत राहते, आणि धान्य पुन्हा स्वस्त झाल्यावरही बैल महागच राहतो.

कायद्याने या व्यवहाराकडे अर्धेच लक्ष दिले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याची औजारे आणि उपजीविकेसाठी आवश्यक अशी जनावरे कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाहीत, आणि तशी तरतूद त्याआधीच्या संहितेतही होती. अशा रीतीने सावकाराच्या जप्तीपासून बैल वाचला, पण भुकेपोटी होणाऱ्या विक्रीपासून त्याला वाचवणारी तरतूद नव्हती. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी-बियाणे व बैल यांच्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, देण्याची सोय केली, आणि १९०१ च्या मॅकडोनेल दुष्काळ आयोगाने ही तगाई संकटाच्या आरंभीच सढळपणे द्यावी असा आग्रह धरला. या शिफारशीत मोठे शहाणपण होते, कारण पावसानंतर सर्वांना एकदम मिळालेली तगाई बैलांचा भाव चढवण्यात खर्ची पडते, तर विक्रीपूर्वी मिळालेली तगाई बैलाला दावणीवर राहू देते.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा मागणीची महागाई आली. धान्याचे भाव चढले, पण लष्कराला मांस व कातडे हवे असल्याने जनावरांचेही भाव चढले, आणि कामाचे बैल कत्तलीस जाऊ नयेत म्हणून सरकारला निर्बंध घालावे लागले. १९७२ च्या दुष्काळात या इतिहासाला महत्त्वाचे वळण मिळाले. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती, मजुरीतून धान्य विकत घेता येत होते आणि जागोजागी गुरांच्या छावण्या उघडल्या होत्या. जनावरांची हानी याही वेळी मोठी झाली, पण बैल विकल्याशिवाय घरात धान्य येणारच नाही ही जुनी सक्ती सैल झाली. त्याच काळात सीएसएच-१ (१९६४) सारखी संकरित ज्वारी पसरत होती. तिने धान्य वाढवले, पण तिचे ताट बुटके असल्याने कडबा कमी झाला, आणि धान्य व वैरण यांचा जुना समतोल बदलला.

जेथे जनावरे थेट धान्यावर पोसली जातात तेथे हे नाते वेगळ्या वाटेने जाते, पण पोहोचते तेथेच. अमेरिकेत वासरे गवतावर वाढवून नंतर मका चारून मांसासाठी पुष्ट केली जातात. मका महागला, की पुष्ट करणारा तितकी रक्कम वासराच्या किमतीतून वजा करतो. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने केलेल्या प्रचंड धान्यखरेदीनंतर मका महागला आणि १९७३–७४ मध्ये वासरांचे भाव कोसळले. २०१२ च्या अवर्षणात मका बुशेलला आठ डॉलरच्या वर गेला, कळप कमी केले गेले, आणि २०१४ मध्ये वासरे विक्रमी महाग झाली. दख्खनच्या शेतकऱ्याने अनेकदा भोगलेला क्रम तो हाच.

२०१२–१३ आणि २०१८–१९ या टंचाईच्या वर्षांत महाराष्ट्रात चारा छावण्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि उसाच्या वाढ्यावर जनावरे तगवली गेली. हा उपाय मोलाचा आहे, पण छावणी बाजार कोसळण्यापूर्वी उघडते की नंतर, यावर त्याचे फळ अवलंबून असते. दीडशे वर्षांचा हा इतिहास शासनाला एवढेच सांगतो, की दुष्काळाची चाहूल धान्याच्या भावात शोधताना आठवडी बाजारातील बैलांचा व खोंडांचा भावही तितक्याच काळजीने नोंदवला पाहिजे. ज्वारी चढत असताना खोंडांचा भाव उतरू लागला, तर शेतकऱ्याने पुढच्या वर्षाची पेरणी विकायला काढली असे समजावे, आणि मदत त्याच आठवड्यात पोहोचवावी.