यंत्रावरील नाव आणि नावामागील हमी

दुकानात गेलेले गिऱ्हाईक वस्तूकडे पाहते. परंतु पैसे मोजते ते पुष्कळदा तिच्यावरील नावाकडे पाहून. तांदूळ घेताना दाणा दाताखाली चावून पाहता येतो, कापड घेताना त्याचा पोत बोटांना कळतो. यंत्राच्या बाबतीत ही सोय नाही. त्याचे पोट झाकलेले असते, आणि ते टिकाऊ की ठिसूळ हे कळते ते चार-सहा वर्षे वापरल्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका आणि ब्रिटन या देशांतील लक्षावधी कुटुंबांपुढे हा प्रश्न कपडे धुण्याच्या यंत्राच्या रूपाने उभा राहिला. कित्येक आठवड्यांचे वेतन त्या एका खरेदीत गुंतत असे. बाजारात नावे अनेक होती आणि प्रत्येक नावामागे जाहिरातींचा घोष होता. त्यांतून कुटुंबांनी निवड कशी केली, आणि ज्या नावांवर विश्वास टाकला ती पुढे किती टिकली, याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

या निवडीत पैशापेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागलेली होती. पाश्चात्त्य गृहिणीचा सोमवार हा परंपरेने धुण्याचा वार. पाणी भरावयाचे, ते चुलीवर तापवावयाचे, साबण लावलेले कपडे खरबरीत फळीवर घासावयाचे, खळबळावयाचे, पिळावयाचे आणि वाळत घालावयाचे, यात सारा दिवस सरे. चादरी, मेजावरील वस्त्रे आणि कामकऱ्याचे जाडेभरडे पोशाख पाण्याने जड झाले म्हणजे ते उचलताना पाठ मोडून निघे. म्हणून यंत्र घरात येणे म्हणजे आठवड्यातला एक दिवस परत मिळणे होते. यंत्र फसवे निघाले तर पैसाही गेला आणि तो दिवसही गेला.

अमेरिकेत या व्यवसायातील सर्वांत भरवशाचे नाव झाले ते मेटॅग. आयोवा राज्यातील न्यूटन या गावी १८९३ मध्ये फ्रेडरिक लुई मेटॅग आणि त्याचे भागीदार यांनी मळणीयंत्राला लागणारी अवजारे करण्याचा कारखाना काढला. मळणीचा हंगाम सरला की कारखान्याला पुरेसे काम उरत नसे. ते रिकामे महिने भरून काढण्यासाठी १९०७ मध्ये लाकडी पिंपाचे, हाताने चालवावयाचे धुण्याचे यंत्र तेथे तयार होऊ लागले. पुढे हे जोडकामच मुख्य काम ठरले. जर्मनीतही असेच घडले होते. १८९९ मध्ये स्थापन झालेली मीले ही कंपनी प्रथम दुधातून साय वेगळी काढण्याची यंत्रे करी, आणि लोणी काढण्याच्या पिंपातच फेरफार करून तिने धुण्याचे यंत्र घडविले. ज्या घरात रवी आणि डेरा आहे त्या घरातील माणसाला या दोन यंत्रांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. दोहोंचेही काम घुसळण्याचेच.

१९२२ मध्ये मेटॅगच्या कारखान्यात हॉवर्ड स्नायडर या कल्पक कारागिराच्या हातून एक महत्त्वाची सुधारणा झाली. तोपर्यंत कपडे ढवळणारा दांडा झाकणातून खाली सोडलेला असे, आणि तो कपड्यांना ओढीत फिरे. स्नायडरने पंख असलेली ही रवी पिंपाच्या तळाशी बसविली. आता कपडे फरफटत नसत. साबणाचे पाणीच जोराने त्यांच्यातून घुसळले जाई. हे यंत्र शेतकऱ्यांच्या घरांत विशेष खपले. त्यालाही कारण होते. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जवळजवळ नऊ घरांत वीज पोहोचलेली नव्हती. मेटॅगने आपल्या यंत्राला पेट्रोलवर चालणारे, पायाने सुरू करावयाचे लहानसे इंजिन जोडून दिले होते. शहरातील कारखानदाराला जे गिऱ्हाईक दिसत नव्हते ते मळणीची अवजारे विकणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

या साऱ्या यंत्रांत एक उणीव होती, ती पिळण्याची. धुतलेले कपडे दोन रबरी रुळांमधून पिळून काढावे लागत. उसाच्या चरकासारखीच ही रचना, आणि चरकाचा धोकाही तिच्यात होता. ओल्या कपड्याबरोबर बोटे आत ओढली जात. लहान मुलांचे हात तर कोपरापर्यंत सापडत. या दुखापती इतक्या वारंवार घडत की वैद्यकीय लेखनात त्यांची स्वतंत्र नोंद होऊ लागली. दाब एकदम सुटावा म्हणून कारखानदारांनी रुळांना कळा बसविल्या. यंत्र निवडताना ही कळ किती चटकन चालते हे पाहणे शहाणपणाचे होते. पण दुकानातील झगमगाटात तिकडे लक्ष जाणे कठीण होते.

या उणिवेवरचे मोठे उत्तर १९३७ मध्ये बेंडिक्स या नावाने आले. कपडे समोरच्या गोल दारातून आत टाकावयाचे आणि कळ फिरवावयाची. पाणी घेणे, धुणे, खळबळणे आणि गरगर फिरवून पाणी झटकणे ही सर्व कामे यंत्र आपणहून करी. रूळ गेले, चरक गेला. मात्र फिरताना हे यंत्र इतके हादरे की ते जमिनीला बोल्टांनी जखडून टाकावे लागे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला किंवा लाकडी तक्तपोशीच्या घरातील गृहस्थाला ही अट सोपी नव्हती. नावीन्य आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्यय त्या गोल दारासमोर उभे राहून कित्येकांना आला असेल.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेत घरगुती धुलाईयंत्रांचे उत्पादन थांबले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. लोकांची मागणी मात्र साचत राहिली. युद्ध संपताच तिला वाट मिळाली, आणि १९४७ मध्ये बाजारात एकाच वेळी अनेक स्वयंचलित यंत्रे उतरली. जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र वरून कपडे टाकण्याचे होते. मोटारी करणाऱ्या जनरल मोटर्सने फ्रिजिडेअर या आपल्या नावाखाली जे यंत्र काढले त्याची तऱ्हाच निराळी होती; त्यातील दांडा रवीसारखा न फिरता मुसळासारखा खालीवर होई. वेस्टिंगहाऊसचे यंत्र समोरून उघडे. त्याच्या एका प्रकारात दारालाच तराजू केलेला होता; त्यावर कपडे तोलावयाचे आणि त्या मानाने पाणी घ्यावयाचे. मेटॅगने स्वतःचे स्वयंचलित यंत्र १९४९ मध्ये आणले, म्हणजे बेंडिक्सनंतर तब्बल बारा वर्षांनी.

नावांच्या या गर्दीत एक गमतीची गोष्ट दडलेली होती. सीअर्स रोबक या प्रचंड विक्रीसंस्थेने १९४७ मध्ये केनमोर या नावाने स्वयंचलित यंत्र विकावयास काढले. ते सीअर्सच्या कारखान्यात झालेले नव्हते. मिशिगन राज्यातील नाइन्टीन हंड्रेड कॉर्पोरेशन या कंपनीने ते केले होते, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीने आपले यंत्र व्हर्लपूल या नावाने स्वतंत्रपणे बाजारात आणले. १९५० मध्ये कंपनीने हेच नाव स्वतःलाही घेतले. म्हणजे केनमोर की व्हर्लपूल असा काथ्याकूट करणारे दांपत्य एकाच घरच्या दोन लेकरांत निवड करीत होते. फरक होता तो विक्रीनंतरच्या सेवेत. सीअर्सची दुकाने गावोगाव होती, तिचा सूचिग्रंथ दूरच्या शेतघरांतही वाचला जाई, आणि यंत्र बिघडले तर दार कोठे ठोठवावयाचे हे गिऱ्हाइकाला माहीत असे.

अशा वेळी निष्पक्ष सल्ला कोठे मिळावा? अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियन या संस्थेने ही गरज ओळखली. निरनिराळ्या वस्तू बाजारातून विकत घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांची कसोटी घ्यावयाची आणि निष्कर्ष आपल्या मासिकात छापावयाचे, असा तिचा क्रम होता. मासिकात जाहिराती घ्यावयाच्या नाहीत हा तिचा दंडक होता. ब्रिटनमध्ये याच धर्तीवर १९५७ मध्ये ‘विच?’ हे नियतकालिक निघाले. मात्र जाहिरात घरात न बोलावता येते, आणि परीक्षेचा अहवाल वर्गणी भरून मागवावा लागतो. तेव्हा दोहोंचे बळ सारखे नव्हते.

शिवाय प्रयोगशाळेला प्रत्येक घर ठाऊक नसते. समोरून उघडणाऱ्या यंत्राला पाणी कमी लागे, पण फेस फार झाला तर त्याची गती मंदावे. पाणी जड असेल तर साध्या साबणाचा पांढरा साका कपड्यांवर बसे. १९४६ मध्ये ‘टाइड’ हे कृत्रिम धुलाईचूर्ण आले आणि जड पाण्याच्या गावांतील ही अडचण पुष्कळशी सुटली. जेथे विहिरीचे पाणी जपून वापरावे लागे तेथे रुळांचे जुने यंत्रच बरे वाटे; कारण त्यात एकदा घेतलेल्या गरम पाण्यात प्रथम पांढरे, मग रंगीत आणि शेवटी मळके कपडे धुता येत. म्हणूनच स्वयंचलित यंत्रांचे युग आले तरी मेटॅगने रुळांची यंत्रे बंद केली नाहीत. १९८३ पर्यंत ती तयार होत राहिली.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे होते. घरे लहान, स्वयंपाकघरे अरुंद आणि युद्धाने सर्वांचा हात आखडलेला. हूवर कंपनीने वेल्समधील मर्थर टिडफिल येथे १९४८ मध्ये कारखाना उघडला आणि हाताने फिरवावयाचे रूळ असलेले आटोपशीर यंत्र लोकांना दिले. पुढे दोन टबांचे यंत्र प्रिय झाले. एका टबात धुवावयाचे आणि कपडे उचलून दुसऱ्यात ठेवून गरगर फिरवून निथळावयाचे. या यंत्रांच्या किमती सामान्य कामगाराला जड वाटत. हीच नाडी जॉन ब्लूम या तरुण लंडनकर व्यापाऱ्याने ओळखली. १९५८ मध्ये त्याने हॉलंडमधून आणलेली यंत्रे विकण्यास प्रारंभ केला, आणि लवकरच रोल्स रेझर या, मुळात दाढीची वस्तरायंत्रे करणाऱ्या कंपनीच्या नावाने त्याचा व्यवसाय फोफावला. वृत्तपत्रातील जाहिरातीचे कूपन कापून पाठवावयाचे, की विक्रेता घरी हजर होई. मध्ये दुकानदार नाही, म्हणून किंमत प्रस्थापित यंत्रांच्या जवळजवळ निम्मी. आणि तीही हप्त्याहप्त्याने देता येई.

या योजनेने पुष्कळ कुटुंबांचे भले झाले यात शंका नाही. प्रतिस्पर्ध्यांना किमती उतरवाव्या लागल्या, आणि ज्यांच्या घरी यंत्र येण्याची आशा नव्हती त्यांच्या घरी ते आले. परंतु व्यवहाराची दुसरी बाजूही होती. जाहिरातीतले स्वस्त यंत्र दाखवून महागडे यंत्र गळ्यात घालण्याची रीत विक्रेत्यांनी उचलली होती. जाहिरातींवर खर्च अफाट होत होता, आणि किमतींच्या युद्धात नफा आटत गेला. जुलै १९६४ मध्ये कंपनी कोसळली. तिच्याबरोबर तिने दिलेल्या हमीपत्रांचेही मोल गेले. यंत्र स्वयंपाकघरात उभे होते, हप्ते फेडावयाचे होते, पण बिघाड झाला तर जबाबदार धरावे असे कोणी उरले नाही. निम्म्या किमतीत यंत्र मिळाले होते. नावामागची हमी मात्र त्या किमतीत टिकू शकली नाही.

मेटॅगची मदार नेमकी याच्या उलट गोष्टीवर होती. १९६७ मध्ये तिच्या जाहिरातीत एक दुरुस्ती-कारागीर दिसू लागला. यंत्रे बिघडतच नाहीत, म्हणून त्याला कोणी बोलावीत नाही आणि तो बिचारा एकाकी बसून असतो, अशी ती कल्पना होती. विनोदाच्या आडून गिऱ्हाइकाच्या मनातील मूळ भीतीलाच हात घातलेला होता. नवी सोय, चकाकी किंवा वेग यांपेक्षा यंत्र बंद पडणार नाही एवढ्या एका आश्वासनाचे मोल लोक अधिक मानीत, हे त्या जाहिरातीच्या दीर्घ लोकप्रियतेवरून दिसते.

परंतु काळापुढे भरवशाची नावेही सुरक्षित राहिली नाहीत. सर्वांआधी येणाऱ्या बेंडिक्सचा धुलाईयंत्रांचा व्यवसाय १९५० मध्ये एका कंपनीकडे आणि १९५६ मध्ये दुसरीकडे गेला, आणि पुढे अमेरिकन घरांतून ते नाव पुसले गेले. जनरल मोटर्सने १९७९ मध्ये फ्रिजिडेअर विकून टाकले. मेटॅगला २००६ मध्ये व्हर्लपूलने विकत घेतले, आणि पुढच्याच वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. मर्थर टिडफिल येथील धुलाईयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ज्या गावांची ओळखच या यंत्रांशी जोडलेली होती तेथील कामगारांच्या दृष्टीने नाव विकले जाणे ही केवळ हिशेबाच्या वहीतील नोंद नव्हती. नाव दुसऱ्याच्या मालकीचे होऊन चालत राहिले. काम मात्र गावातून गेले.

दोन टबांचा तो मधला प्रकार पुढे भारतात ‘सेमी-ऑटोमॅटिक’ या नावाने रुळला. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते अशा घरांत, बादलीने पाणी ओतून चालविता येणारे यंत्र सोयीचे ठरावे हे स्वाभाविकच होते. येथेही गिऱ्हाइकाला तेच पाहावे लागते, जे आयोवातील शेतकऱ्याला आणि लंडनमधील कामगाराला पाहावे लागले: आपल्या घरचे पाणी कसे आहे, जागा किती आहे, आणि यंत्र अडले तर ते सुरू करून देणारा माणूस किती अंतरावर आहे. ज्यांनी या तीन प्रश्नांची उत्तरे नीट पाहून यंत्र घेतले त्यांना त्यांचा सोमवार परत मिळाला. ज्यांनी केवळ किंमत किंवा केवळ नाव पाहिले, त्यांना तो पुष्कळदा पुन्हा त्या खरबरीत फळीपाशीच घालवावा लागला.