तार पोहोचली, कुलपाचे काय?

इंटरनेट आले आणि सगळ्यांना सारखे व्यासपीठ मिळाले, असे हल्ली वारंवार ऐकवले जाते. मोबाईल हातात आहे, डेटा स्वस्त आहे, मग तक्रार कसली? असे विचारणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, आमच्या समाजाचा माध्यमांशी असलेला इतिहास एकदा नीट वाचावा. त्यात दोन प्रश्न कायम सोबत चालत आले आहेत. माध्यम आमच्यापर्यंत पोहोचले का? आणि पोहोचल्यावर त्याची किल्ली कोणाकडे राहिली?

सुरुवात नागपूरपासूनच करू. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० साली येथे छापखाना काढला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ ही पत्रे त्यांनी चालवली. प्रस्थापितांच्या पत्रांत अस्पृश्यांच्या दुःखाला जागा नव्हती, म्हणून स्वतःचे यंत्र उभे करावे लागले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. मग ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ निघाले आणि मुंबईत दादरला आपला छापखाना उभा राहिला. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती शब्द, हे आपल्या पूर्वजांना पुरते कळले होते.

इंटरनेटची गोष्टही याच वाटेने गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा लोकांसाठी खुली केली, ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत. घरी टेलिफोन, टेबलावर संगणक आणि तोंडात इंग्रजी, एवढे ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी ती होती. आमच्या वस्त्यांत तेव्हा टेलिफोन म्हणजे नाक्यावरचा पीसीओ. पुढे सायबर कॅफे आले आणि तासाचे पैसे मोजून आपली शिकलेली मुले या जगात शिरली. कोणी त्यांना बोलावले नव्हते.

त्या शिरकावाची ताकद २००६ मध्ये दिसली. २९ सप्टेंबर रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मुख्य प्रवाहातील माध्यमांनी कित्येक दिवस त्याची दखल घेतली नाही. ज्यांनी घेतली, त्यांनी अनैतिक संबंधांची कुजबुज छापली. सत्य पोहोचवले ते कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी, ईमेलने, ब्लॉगने आणि मोबाईलवरच्या संदेशांनी. नोव्हेंबरमध्ये नागपूरसह विदर्भ रस्त्यावर उतरला. तेव्हा सरकारकडून काय ऐकू आले? या आंदोलनामागे नक्षलवादी आहेत! आम्ही बोललो की संशय आमच्यावरच, हा अनुभव नवा नव्हता. पण आता आमचे बोलणे कोणाच्या तरी यंत्रात साठून राहत होते.

यानंतरचे महत्त्वाचे वर्ष २०१६. त्या वर्षी जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना रात्रीच्या अंधारात पाडण्यात आला. जुलैमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा वस्तीवस्तीत पोहोचला. पण त्याआधी, फेब्रुवारीत, नागपुरात आणखी एक गोष्ट घडली होती, जिचा आवाजही झाला नाही.

नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने केली. २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, फेब्रुवारी २०१६ मध्ये एका ईमेलवाटे त्यांच्या संगणकात घुसखोरी झाली, वीस महिन्यांहून अधिक काळ तो परक्याच्या ताब्यात होता आणि किमान चौदा दस्तऐवज बाहेरून त्यात टाकले गेले. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मानलेला नाही. पण प्रकार इथेच थांबत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने पेगासस या हेरगिरी प्रणालीचे लक्ष्य ठरलेल्यांना कळवले. त्यात गडलिंग यांच्या बचावात काम करणारे नागपूरचेच वकील निहालसिंग राठोड होते. ही प्रणाली बनवणारी इस्रायली कंपनी म्हणते की, आपण ती फक्त सरकारांना विकतो. अर्थ वाचकांनीच लावावा.

छापखाना पाडला तेव्हा ढिगारा दिसला, म्हणून मोर्चा निघाला. संगणक फोडला तर ढिगारा कुठे दिसणार?

१४ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान दीक्षाभूमीवर आले आणि त्याच दिवशी नागपुरात ‘भीम आधार’ सुरू झाले. नाव बाबासाहेबांचे, व्यवहार अंगठ्याचा! ज्या समाजाने अंगठा सोडून सही करण्यासाठी पिढ्या झिजवल्या, त्याला पुन्हा अंगठाच पुढे करायला सांगितले. पुढे बोटांचे ठसे चोरून आधारवरून पैसे काढल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला?’ असे काही मित्र विचारतात. आम्ही वस्त्यांत काम करतो. अत्याचाराच्या तक्रारदारांचे जबाब, साक्षीदारांचे पत्ते, आंतरजातीय लग्न करून लपून राहणाऱ्या जोडप्यांचे ठावठिकाणे आमच्याच मोबाईलमध्ये असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घ्यायला मुले नेट कॅफेत आधार क्रमांक आणि पासवर्ड कागदावर लिहून देतात. हे सारे चुकीच्या हाती गेले तर जीव जातो, शिक्षण बुडते. गोपनीयता ही आमच्यासाठी चैनीची वस्तू नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली. गावागावांत भारतनेटची तार नेली जाते, ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत. तिथून बौद्ध वस्तीपर्यंतचे अंतर मीटरमध्ये थोडे असेल, जातीत फार मोठे आहे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. तार वस्तीतल्या विहारापर्यंत आणि वाचनालयापर्यंत आली पाहिजे, आणि पाळतीवर स्वतंत्र न्यायालयीन अंकुश असला पाहिजे. त्याचबरोबर आपलेही काम आहे. विहारात एमपीएससीचे वर्ग चालतात, तसे डिजिटल सुरक्षेचे वर्ग चालवावेत. अनोळखी ईमेलची जोडणी उघडू नये, पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, पीडितांची कागदपत्रे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत, हे आता संघटनेच्या शिस्तीचा भाग झाले पाहिजे.

बनसोडे आणि बाबासाहेब छापखान्याचे महत्त्व जाणत होते, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द सुरक्षित नसतो. आज आपण सगळेच दुसऱ्याच्या यंत्रावर बोलत आहोत. निदान कुलूप तरी आपले असू द्या.

जय भीम!