बोटीवरची बाटली शेवटच्या रात्रीच का मिळते?

मंडळी, क्रूझवर जाऊन आलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. बोटीवरच्या दुकानात ड्यूटी फ्री बाटली घेतली, खोलीच्या कार्डावर पैसे लागले, पावती मिळाली. पण बाटली काही हातात आली नाही. "उतरायच्या आदल्या रात्री खोलीवर पोचेल" किंवा "शेवटच्या दिवशी काउंटरवरून घ्या" असं सांगून बोळवण केली. पैसे आज आणि माल चार दिवसांनी!

लोक म्हणतात, बोटीवरच्या बारचा धंदा बुडू नये म्हणून ही युक्ती. ते खोटं नाही. दुकानातली बाटली खोलीत नेऊन प्यायची मुभा दिली तर बारमधला महाग पेग कोण घेणार? पण हे निम्मंच उत्तर झालं. उरलेल्या उत्तरामागं जवळपास तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फिरत फिरत थेट आपल्या बांदा-इन्सुलीच्या चेकनाक्यावर येऊन थांबतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी मूळ तत्त्व. दारूवरचा कर हा तिथं राहून पिणाऱ्यावर असतो. माल देशात आला, पण देशात विकला गेला नाही, तो परत बाहेरच जाणार आहे, तर त्यावर कर कशाला? हा प्रश्न इंग्लंडमध्ये १८व्या शतकातच उभा राहिला. तेव्हा आयातीवेळी कर भरायचा आणि माल बाहेर गेला की परतावा मागायचा, अशी पद्धत होती. त्यात लबाडी भरपूर. एकदा परतावा घेऊन तोच माल रात्री गुपचूप किनाऱ्याला उतरवायचा, पुन्हा दाखवायचा. १७३३ साली रॉबर्ट वॉलपोल यांनी वाइन आणि तंबाखूसाठी योजना मांडली: माल सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवा, बाहेर काढाल तेव्हाच कर भरा. त्यावर इतका गदारोळ झाला की योजना मागं घ्यावी लागली. लोकांना भीती वाटली की उद्या अबकारीचा माणूस घराघरांत शिरेल. पुढं सत्तर वर्षांनी, १८०३ मध्ये, तीच कल्पना ब्रिटिश संसदेनं कायदा करून स्वीकारली. त्यातून आलं ते बाँडेड गोदाम. दाराला दोन कुलपं, एक व्यापाऱ्याचं आणि एक सरकारचं. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही.

आज क्रूझवरचं दुकान म्हणजे हेच दोन कुलपांचं गोदाम आहे, फक्त ते तरंगतं. बोट बंदरात लागली की दुकान बंद होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. कर्मचाऱ्यांना सुट्टी म्हणून नव्हे. बंदरात त्या देशाचा कर लागू होतो म्हणून. बोट पुन्हा खोल पाण्यात गेली की शटर वर.

पण 'सीलबंद' हा प्रकार इतका काटेकोर कधी झाला? त्याची गोष्ट अमेरिकेत आहे.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. आता पंचाईत बघा. युरोपातून न्यूयॉर्कला येणाऱ्या ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन बोटींवर दारू चालायची. जाताना-येताना प्रवासी पिणार, म्हणजे परतीच्या प्रवासाचा साठाही बोटीत असणार. तो साठा घेऊन बोट न्यूयॉर्क बंदरात शिरली तर गुन्हा झाला की नाही? कंपन्या कोर्टात गेल्या. ३० एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं क्युनार्ड कंपनीच्या खटल्यात निकाल दिला: अमेरिकेच्या सागरी हद्दीत परदेशी बोटीनंही दारू आणायची नाही, कुलूपबंद असली तरी नाही. आणि अमेरिकन बोट हद्दीबाहेर गेली की तिथं मात्र हा कायदा तिला लागू नाही. म्हणजे दारू पिणं पाप आहे की नाही, हे किनाऱ्यापासून किती मैलांवर आहात त्यावर ठरू लागलं!

ब्रिटन चिडला. पण त्याच वेळी अमेरिकेलाही ब्रिटनची गरज होती. हद्द तीनच मैलांची. त्याच्या पलीकडं ब्रिटिश झेंड्याखालची जहाजं दारू भरून रांगेत उभी राहायची आणि वेगवान होड्या रात्री येऊन माल उचलायच्या. 'रम रो' म्हणून ती रांग कुप्रसिद्ध होती. अमेरिकी तटरक्षकांना हद्दीबाहेर झडती घेता येत नव्हती. शेवटी २३ जानेवारी १९२४ रोजी दोन्ही देशांत करार झाला. सौदा सरळ होता. संशयित ब्रिटिश जहाजाची झडती किनाऱ्यापासून एक तासाच्या प्रवासाइतक्या अंतरापर्यंत घेता येईल, हे ब्रिटननं मान्य केलं. बदल्यात ब्रिटिश प्रवासी बोटींना परतीच्या प्रवासाची दारू अमेरिकन बंदरात आणायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर: ती सीलबंद पाहिजे आणि हद्दीत असेपर्यंत सील तुटता कामा नये. पाठोपाठ इतर देशांशीही असेच करार झाले.

म्हणजे बंदी होती, तहही झाला, आणि दोन्हीच्या मध्ये लाखेचं एक सील. दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली. पण त्याआधीच न्यूयॉर्कहून 'कुठंही न जाणाऱ्या' सफरी निघायला लागल्या होत्या. बोट समुद्रात जाणार, चक्कर मारणार, परत येणार. लोक समुद्र बघायला जात नव्हते, हे सांगायला नकोच.

दुसरं महायुद्ध संपलं आणि विमानं आली. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना इंधनासाठी आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर उतरावं लागायचं. तिथल्या खानपानाची जबाबदारी असलेल्या ब्रेंडन ओ'रिगन यांनी विचार केला: हा प्रवासी ना आयर्लंडमध्ये आला, ना अमेरिकेत पोचला, मग त्याला जहाजासारखीच सवलत का नको? १९४७ मध्ये आयर्लंडनं कायदा केला आणि विमानतळावरचं जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान शॅननला सुरू झालं. बोटीवरचा नियम असा जमिनीवर उतरला.

मग धंदेवाईक आले. चक फीनी नावाचा अमेरिकन तरुण भूमध्य समुद्रातल्या बंदरांवर अमेरिकन नौसैनिकांना करमुक्त दारू विकायचा. त्या काळी परतणाऱ्या अमेरिकन माणसाला एक गॅलन, म्हणजे पाच बाटल्या, करमुक्त नेता यायच्या. बाटल्या हातात द्यायची गरजच नव्हती. ऑर्डर घ्यायची आणि माल परस्पर पाठवायचा. पैसे आधी, माल नंतर, ही पद्धत तिथंही होतीच. १९६० मध्ये फीनी आणि रॉबर्ट मिलर यांनी हाँगकाँगमध्ये ड्यूटी फ्रीचा व्यवसाय उभा केला. अमेरिकन सरकारला डॉलर बाहेर जाण्याची चिंता लागली आणि १९६५ च्या कायद्यानं पाच बाटल्यांची सवलत एक क्वार्टवर, म्हणजे साधारण एका बाटलीवर आली. आजही अमेरिकेत परतणाऱ्या २१ वर्षांवरच्या माणसाला साधारणपणे १ लिटरच करमुक्त नेता येते. याच फीनी यांनी पुढं आपली जवळजवळ सगळी संपत्ती, सुमारे ८ अब्ज डॉलर, हयातीतच दान केली. ते २०२३ मध्ये वारले.

युरोपची गंमत तर आणखी वेगळी. युरोपीय संघानं म्हटलं, आपण एकच बाजार आहोत तर एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाताना 'करमुक्त' कसलं? ३० जून १९९९ नंतर ती विक्री बंद झाली. स्वीडन-फिनलंड मार्गावरच्या बोटी या विक्रीवरच पोसलेल्या. त्यांनी काय करावं? मध्ये ऑलंड नावाची बेटं आहेत. ती फिनलंडची, पण संघाच्या करक्षेत्राबाहेर. बोटी त्या बेटांवर थोडा वेळ थांबू लागल्या, कित्येकदा अपरात्री. कुणी उतरो न उतरो, बोट 'करक्षेत्राबाहेर' गेली, दुकान चालू राहिलं. आजही थांबतात. कायद्याची रेघ कुठं आहे हे धंद्याला नकाशापेक्षा चांगलं कळतं.

आता घरी येऊ.

आपल्या कस्टम्स कायद्यात, म्हणजे १९६२ च्या कायद्यात, कलम ८७ आहे. जहाज परदेशगामी असेल तेवढ्या काळात त्यावरचा आयात केलेला साठा शुल्क न भरता जहाजावरच वापरता येतो. शब्द नीट वाचा: 'परदेशगामी असेल तेवढ्या काळात'. मुंबईहून श्रीलंकेला जाणारी बोट परदेशगामी. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी बोट किनारी वाहतुकीची. तीच बोट, तोच समुद्र, तोच बार. पण गोव्याच्या फेरीत ड्यूटी फ्री नाही. जाहिरातीत 'क्रूझ' असं एकाच टायपात छापलेलं असतं, त्यामुळे माणूस फसतो. लक्षद्वीपची फेरी असेल तर आणखी एक गोष्ट: तिथं बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे, बाटली घेऊन किनाऱ्यावर उतरायचं नाही.

आणि आपला खास मराठी मुलखातला अध्याय. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई त्यामागं ठाम उभे होते. त्या कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५१ च्या निकालात कोर्टानं कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला. औषधी आणि सौंदर्यप्रसाधनांतल्या अल्कोहोलबाबतच्या तरतुदी रद्द केल्या. युद्धनौका आणि लष्करी मेस यांना दिलेली वेगळी वागणूकही कोर्टाला गैर वाटली नाही. म्हणजे बंदीच्या राज्यातही जहाज हा वेगळा मुलूख राहिलाच.

तेव्हा पत्रादेवीच्या पलीकडं पोर्तुगीज राज्य होतं. स्कॉच, घड्याळं, परदेशी कापड तिकडून इकडं यायचं. ती खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा होती, त्यामुळे तस्करी म्हणजे तस्करीच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि कस्टम्सची रेघ पुसली गेली. पण अबकारीची रेघ तशीच राहिली. कारण दारूवरचा अबकारी कर हा राज्यांचा विषय. जीएसटी आला तरी पिण्याची दारू त्याच्या बाहेरच ठेवली गेली. राज्यांना हे उत्पन्न सोडायचं नव्हतं.

याचा परिणाम बघा. परदेशातून येणारा प्रवासी दोन लिटर दारू आयात शुल्क न भरता आणू शकतो. ज्या परदेशी दारूवर आपल्याकडं वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं (जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉचसाठी ते टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं), ती दोन बाटल्या त्याला माफ. आणि गोव्यात रीतसर दुकानातून, गोवा सरकारचा कर भरून बाटली घेतलेला आपला सावंतवाडीचा, कुडाळचा पोरगा परवान्याशिवाय बांद्याला पोचला की आरोपी. गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. पहिल्यानं कुठंच कर भरला नाही, दुसऱ्यानं एका राज्यात भरला. गुन्हेगार कोण? दुसरा.

मी तस्करीची बाजू घेत नाही. ट्रकच्या ट्रक भरून गोवा बनावटीची दारू येते आणि त्यावर कारवाई झालीच पाहिजे. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरंही आपण रोज बघतो. पण ट्रक आणि पिशवी यांत फरक करायला नको का? ब्रिटन आणि फ्रान्समध्ये १९९३ पासून तोच फरक केला गेला: स्वतःसाठी असेल तर चालेल, विकायला असेल तर कर भरा, आणि संशय घ्यायला एक आकडा ठरवला, १० लिटर स्पिरिट. आपण दहा लिटर नको म्हणू. एक बाटली, मोबाईलवर मिळणारा एका दिवसाचा परवाना, महाराष्ट्राच्या कराचा ठरावीक आकडा भरून. सरकारलाही उत्पन्न, पोरांनाही वकिलाचा खर्च नाही. शिवाय नाक्यावरच्या 'मिटवून टाकू'लाही थोडा चाप बसेल.

केंद्रानं २०२४ मध्ये क्रूझ भारत मिशन जाहीर केलं. मुंबईत नवं क्रूझ टर्मिनलही झालं. बोटी वाढतील, दुकानं वाढतील. श्रीमंत पर्यटकासाठी नियम किती मऊ करता येतात हे आपल्याला दिसेलच. तेव्हा नाक्यावरच्या माणसाचा नियमही त्याच टेबलावर ठेवा, एवढीच आमदार-खासदारांकडं मागणी आहे.

जाता जाता, क्रूझला जाणाऱ्यांसाठी कामाचं. एक, फेरी परदेशगामी आहे की किनारी, तिकीट काढतानाच विचारा. दोन, शेवटच्या सकाळी गडबड असते, बाटली आणि पावती दोन्ही मोजून घ्या. तीन, बोटीतून उतरून विमान पकडायचं असेल तर बाटली नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरवरचं द्रव सुरक्षा तपासणीत अडकतं. चार, दोन लिटरची मर्यादा माणशी आहे, बायकोमुलांच्या नावावर हिशेब करताना मुलांचं वय आठवा.

बांद्याच्या नाक्यावर एका बाटलीसाठी अडकलेलं कुणी तुमच्या माहितीत असेल तर काय झालं, किती दिवस गेले, ते कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा. पुरेसे जमले तर एकत्र करून निवेदन देऊ.